रेखमिरेचं थडगं: तासाभरात काय पाहायचं आणि त्यातलं किती खरं धरायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळला आहे की नाही ते तुम्हालाही कळेल. जानेवारीत आई-वडिलांना घेऊन तुम्ही इजिप्तमध्ये लक्सरला जाताय. नाईलच्या पश्चिम तीरासाठी अर्धा दिवस आहे. गाईड म्हणतो, राजांची दरी बघा, एका अधिकाऱ्याचं थडगं बघून काय करणार? तुमच्या मनात मात्र रेखमिरेचं थडगं आहे, कारण त्यातल्या कारागिरांच्या चित्रांनी तुम्हाला धरून ठेवलं आहे. त्यात वाचनाने गोंधळ वाढवलाय. एके ठिकाणी वाचलं की तिथे कुणाला पुरलंच नव्हतं. दुसरीकडे वाचलं की विटा पाडणारे लोक म्हणजे बायबलमधले इस्रायली गुलाम. आणि तुम्ही शेवटी विचारलंय की ही चित्रं म्हणजे तेव्हाच्या रोजच्या जगण्याचे फोटोच समजायचे का.

मी गेली सव्वीस वर्षं भित्तिचित्रांच्या जतनाचं काम करते. जास्त काम आपल्याकडच्या लेण्यांत आणि वाड्यांत झालं. लक्सरच्या पश्चिम तीरावर मी चार वेळा जाऊन आले आहे, आणि चारही वेळा सगळ्यात जास्त वेळ याच थडग्यात घालवला. त्यामुळे "जावं का?" याला माझं उत्तर "जा" असंच येणार. पण खरा प्रश्न मला वेगळा दिसतो. या भिंतीकडे बघताना कशावर विश्वास ठेवायचा आणि कशावर थांबून विचार करायचा, हे ठरवता आलं तर बाकीच्या तिन्ही शंका आपोआप सुटतात. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. तिथली थडगी डागडुजीसाठी अधूनमधून बंद असतात, आणि तिकिटं वेगवेगळ्या गटांत विकली जातात. त्यामुळे त्या दिवशी काय उघडं आहे ते तिकीटघरावर आधी विचारा. आईवडिलांचे गुडघे कसे आहेत हेही महत्त्वाचं. रेखमिरेच्या थडग्यात टेकडीवरची थोडी चढण सोडली तर पायऱ्या उतराव्या लागत नाहीत, आत सपाट चालायचं आहे. त्याच्या जवळच सेन्नेफरचं थडगं आहे, द्राक्षवेलींनी भरलेल्या छताचं. ते सुंदर आहे, पण तिथे खोल, उभ्या पायऱ्या उतरून जावं लागतं. गुडघे दुखत असतील तर ते तुम्ही एकट्याने बघा आणि त्यांना वर सावलीत बसू द्या. राजांच्या दरीत बहुतेक थडग्यांत उतार आणि पायऱ्या आहेतच. म्हणजे फक्त चालण्याचा हिशेब केला तरी हा अधिकारी तुमच्या आईवडिलांना राजांपेक्षा सोयीचा आहे.

आता माणूस कोण होता ते. रेखमिरे हा वजीर. थुतमोस तिसरा, ज्याचा काळ साधारण इ.स.पू. १४७९ ते १४२५ धरतात, त्याच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात आणि त्याचा मुलगा आमेनहोतेप दुसरा याच्या सुरुवातीच्या वर्षांत तो या पदावर होता. त्या काळात वजीर दोन असत, एक उत्तरेचा आणि एक दक्षिणेचा. रेखमिरे दक्षिणेचा, म्हणजे थीब्जचा, आजच्या लक्सरचा. राजाच्या खालोखाल कारभाराचा सगळा भार त्याच्यावर: न्यायनिवाडा, करवसुली, कोठारं, आमोन देवाच्या मंदिराची बांधकामं. पद त्याच्या घरात आधीपासून होतं. आजोबा आमेत्जू वजीर होते, त्यांच्यानंतर चुलते उसेर वजीर झाले. उसेरला थुतमोस तिसऱ्याच्या पाचव्या वर्षी थकलेल्या वडिलांच्या मदतीला नेमलं गेलं, आणि उसेरच्या थडग्यातला लेख त्याला चक्क "म्हातारपणाची काठी" म्हणतो. आपल्याकडे मुलाबद्दल जसं म्हणतात, अगदी तसंच. मी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा साडेतीन हजार वर्षांचं अंतर एकदम नाहीसं झाल्यासारखं वाटलं होतं.

थडगं रिकामं आहे का, या शंकेचं उत्तर इथे देते. हो, रेखमिरेच्या थडग्यात पुरण्याची विहीर किंवा खोली सापडलेली नाही, आणि त्याला कुठे पुरलं ते आजवर उमगलेलं नाही. पण म्हणून ते "खोटं" थडगं ठरत नाही. इजिप्तमधल्या मोठ्या माणसाच्या थडग्याला दोन अंगं असतात. एक जमिनीखाली, जिथे देह ठेवून दार कायमचं बंद करतात. दुसरं वर, उघडं, जिथे घरचे लोक आणि पुरोहित येऊन नैवेद्य ठेवतात, नाव घेतात. तुम्ही आत शिरता ती जागा हे दुसरं अंग. त्याला स्मरणाचं देवघर म्हटलं तर चुकणार नाही. ही दोन अंगं एकाच जागी असायलाच हवीत असं नव्हतं. याच उसेरचं बघा, त्याची याच टेकडीवर दोन थडगी आहेत. त्यातल्या एकाच्या पुरण्याच्या खोलीत सूर्याच्या रात्रीच्या प्रवासाचा जो ग्रंथ रंगवलाय, तो त्या काळी फक्त राजांच्या थडग्यांत असायचा. या घराण्याचा मान केवढा होता ते तेवढ्यावरून कळतं.

मग भिंतींवर जे आहे ते कुणासाठी? येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. लेखांमधून वाटसरूंना हाक मारून सांगितलेलं असतं की थांबा, वाचा, माझ्या नावाने नैवेद्याचे शब्द म्हणा. म्हणजे ही भिंत म्हणजे रेखमिरेने आपल्या कामाबद्दल आणि पदाबद्दल केलेलं निवेदन आहे. माझ्या मते सगळ्याची किल्ली इथेच आहे. निवेदन म्हटलं की त्यात मांडणी करणाऱ्याचा हेतू असतो. पण ते पटावं म्हणून तपशील मात्र अचूक असावे लागतात. म्हणून माझा नियम असा: अवजार, भांडं, गाठ, हातवारे यांवर बराच विश्वास ठेवायचा. कोण कुणापुढे वाकतंय, कोण किती मोठा दाखवलाय, यावर थांबून विचार करायचा.

हा नियम लावून बघायला पहिली जागा म्हणजे आत शिरताच लागणारं आडवं दालन. डावीकडच्या आतल्या भिंतीवर पाच ओळी एकावर एक आहेत. सगळ्यात वर पुंत देशाचे, म्हणजे लाल समुद्राच्या दक्षिणेकडचे, लोक धूपाची झाडं घेऊन येतायत. त्याखाली केफ्तिऊ, म्हणजे क्रीट बेटाचे लोक, उंच नक्षीदार भांडी घेऊन. मग इजिप्तच्या दक्षिणेकडच्या नुबियाचे, हस्तिदंत, शहामृगाची अंडी, बिबट्या, लांब शिंगांचे बैल आणि एक जिराफ, ज्याच्या मानेवर माकड चढलंय. चौथी ओळ सीरियाची: घोडे, रथ, अस्वल आणि एक हत्ती. शेवटी युद्धातले कैदी, बायका आणि मुलं.

त्या हत्तीपाशी थांबा. माणसाच्या कमरेएवढा, पण सुळे मोठ्या हत्तीचे. चित्रकाराने हत्ती कधी पाहिला असेल का अशी शंका येते, पण हत्ती सीरियातून आलेला असणं हे मात्र खरंच आहे. त्या काळात सीरियात हत्ती होते, आशियाई हत्तीच्याच कुळातले, आणि थुतमोस तिसऱ्याने तिथे नीय नावाच्या जागी १२० हत्तींची शिकार केल्याची नोंद आहे. म्हणजे तपशील खरा, प्रमाण चित्राच्या सोयीचं. ओळीची उंची ठरलेली, हत्ती त्यात बसवायचा, मग तो लहान होणारच.

आता मांडणीकडे बघा. पाचही ओळी एकाच दिशेला चालल्यात, रेखमिरेकडे. जणू सगळं जग खंडणी घेऊन रांगेत उभं आहे. नुबिया आणि सीरियाच्या मोठ्या भागावर इजिप्तचं राज्य होतं, तिथवर ठीक. पण क्रीट किंवा पुंत इजिप्तच्या ताब्यात कधीच नव्हते. त्यांच्याकडून येणारा माल म्हणजे देवाणघेवाण, भेटी, व्यापार. भिंतीवर मात्र सगळे सारखेच दिसतात. हा दावा आहे, आणि तो दावा म्हणूनच वाचायचा.

क्रीटच्या ओळीत एक गोष्ट आहे जी माझ्या धंद्यातल्या माणसाला सगळ्यात जास्त आवडते. क्रीटच्या लोकांची कमरेची वस्त्रं जवळून बघितली, तर रंगाखाली आधीच्या वस्त्राच्या रेषा लक्षात येतात. आधी चित्रकाराने त्यांना एका जुन्या पद्धतीचं तोकडं वस्त्र रंगवलं होतं. नंतर ते पुसून त्यावर नक्षीदार, टोकदार झालरीची लुंगीवजा वस्त्रं काढली. कुणीतरी काम चालू असताना किंवा संपल्यावर येऊन सांगितलं असणार की आता हे लोक असे कपडे घालत नाहीत, बदला. यावरून क्रीटमध्ये सत्ताबदल झाला होता असा निष्कर्ष काही अभ्यासकांनी काढला. तेवढं मोठं विधान मी एका दुरुस्तीवर उभं करणार नाही. पण एवढं नक्की, की ही भिंत डोळे मिटून जुन्या नमुन्यावरून उतरवलेली नाही. कुणाला तरी तपशील बरोबर असण्याची काळजी होती. टॉर्चचा उजेड बाजूने, तिरका पाडलात तर रंगाचे दोन थर ओळखू येतात.

या दालनात लांबलचक लेख आहेत, ते तुम्हाला वाचता येणार नाहीत, मलाही येत नाहीत, पण त्यांत काय आहे हे ठाऊक असेल तर त्या निळसर खुणांच्या रांगा मुक्या वाटत नाहीत. एका लेखात वजिराची कर्तव्यं आहेत. हाच मजकूर आणखी काही वजिरांच्या थडग्यांत आढळतो, पण सगळ्यात पूर्ण इथे आहे. दरबारात वजिराने पाठ असलेल्या खुर्चीवर बसायचं, पायाखाली चटई, पुढे चाळीस कातडी वस्तू पसरलेल्या. त्या कायद्याच्या गुंडाळ्या की शिक्षेच्या काठ्या, यावर वाद आहे. नाईलला पूर आला की ती खबर त्याच्याकडे, व्याध तारा उगवला की ती खबरही त्याच्याकडे. शेताबद्दल तक्रार आली तर मुदत ठरलेली: शेत शहराजवळ असेल तर तीन दिवस, लांबच्या मुलखात असेल तर दोन महिने. जमिनीचे वाद किती चिघळतात हे आपल्यापैकी ज्यांनी घरात पाहिलंय, त्यांना हे वाक्य नुसतं ऐतिहासिक वाटणार नाही.

दुसऱ्या लेखात राजा वजिराला पदावर बसवताना काय सांगतो ते आहे. वजीरपद गोड नाही, पित्तासारखं कडू आहे. वजीर म्हणजे धन्याच्या घरातल्या सोन्याला राखणारं तांबं. ओळखीच्या माणसाकडे अनोळखी माणसासारखंच बघ. आणि मग एका जुन्या वजिराची, खेतीची, गोष्ट. नातेवाइकांवर मेहेरबानी केली असं कुणी म्हणू नये म्हणून हा खेती आपल्याच माणसांविरुद्ध निकाल देत असे. त्यातल्या एकाने दाद मागितली तरी तो बधला नाही. राजा म्हणतो, हे न्यायाच्या पलीकडचं झालं. नावाला डाग लागू नये म्हणून केलेला अन्याय हाही अन्यायच, एवढी बारीक गोष्ट त्या भिंतीवर लिहून ठेवावीशी कुणाला तरी वाटली, याचं मला फार अप्रूप आहे. रेखमिरे प्रत्यक्षात तसा वागला का, हे भिंत सांगू शकत नाही. पण कसं वागायला हवं असं त्या राज्याला वाटत होतं, ते ती स्पष्ट सांगते.

दालनातून सरळ आत लांब बोळ लागतो. त्याचं छत दाराशी साधारण तीन मीटरवर आहे आणि आत जाता जाता आठ मीटरपर्यंत चढतं. शेवटच्या भिंतीत उंचावर कोनाडा आहे, तिथे रेखमिरेचा पुतळा असावा. त्याखालची दगडी खोटी चौकट, जिच्यातून मृताचा आत्मा ये-जा करतो असं मानत, ती आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. आत जाल तसतशा भिंतीवरच्या ओळी वाढत जातात, आणि वरच्या ओळी खालून दिसणं कठीण होतं. चित्रकारांनी परांचीवर चढून त्याही तेवढ्याच काळजीने रंगवल्या आहेत. राजांच्या दरीत चित्रं देवांची आणि परलोकाची असतात. इथे माणसं घाम गाळतायत. म्हणूनच मी तुमच्या गाईडशी सहमत नाही.

डावीकडची भिंत ही आमोनच्या मंदिराच्या कारखान्यांची. इथे घाई करू नका. सुतार खुर्चीला भोक पाडतोय, धनुकलीच्या दोरीने फिरणाऱ्या गिरमिटाने. बाजूला चुलीवर सरसाचं भांडं आहे. मणी घडवणारा एका धनुकलीने एकाच वेळी तीन-तीन मणी विंधतोय. चांभार कातड्याची गोल चकती फिरवत फिरवत एकसलग वादी कापतोय. ही युक्ती मी आपल्याकडे जुन्या कारागिरांच्या हातात पाहिली आहे, आणि चित्रातला हाताचा कोन अगदी बरोबर आहे. धातू ओतणारे बघा: दोन माणसं पायाच्या भात्यांवर उभी आहेत, एका पायाने दाबायचं, दुसऱ्या भात्याची दोरी हाताने वर ओढायची. विस्तवावरून मूस उचलायला दोन ओल्या, लवचीक काठ्या वापरल्यात. पुढे मोठा सपाट साचा आहे, वर नरसाळ्यांची रांग, त्यातून रस ओतायचा. कर्नाकच्या आमोनच्या मंदिरासाठी धातूची दारं ओतली जातायत आणि धातू सीरियातून आणलाय, असं बाजूचा लेख सांगतो.

तपशील खरे असतात हे मी कशाच्या आधारावर म्हणते? एक पुरावा समुद्राच्या तळाशी मिळाला. या थडग्यात तांब्याच्या लाद्या वाहून आणताना दिसतात, चार कोपरे ओढलेल्या, पसरलेल्या कातड्याच्या आकाराच्या. १९८२ साली तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुन इथे एक बुडालेलं जहाज सापडलं, साधारण इ.स.पू. १३०० चं. त्यात सुमारे दहा टन तांबं होतं, आणि त्यातल्या बहुतेक लाद्या नेमक्या याच आकाराच्या. चित्रकाराने आकार मनाने काढला नव्हता. दुसरा पुरावा मधमाश्यांचा. याच थडग्यात एक माणूस मधमाश्यांच्या आडव्या, नळकांड्यांसारख्या पेट्यांना धूर देतोय आणि दुसरा आतलं मधाचं पोळं बाहेर काढतोय. मातीच्या तशाच आडव्या पेट्या इजिप्तच्या खेड्यांत अगदी अलीकडेपर्यंत वापरात होत्या.

आता विटा. काठाने झाडं असलेल्या तळ्यातून पाणी आणतात, कुदळीने माती कालवतात, लाकडी साच्यात भरतात, साचा उचलून ओळीने विटा वाळत घालतात. ज्याने आपल्याकडे नदीकाठी विटा पाडताना पाहिलं आहे त्याला एकही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. फरक एवढाच की त्या भट्टीत भाजायच्या नाहीत, उन्हात वाळवून तशाच वापरायच्या. मुकादमाच्या हातात काठी आहे, आणि लेखात त्याच्या तोंडी शब्द आहेत की काठी माझ्या हातात आहे, आळस करू नका. हे चित्र बायबलमधल्या गोष्टीशी इतकं जुळतं की दोनशे वर्षं लोक ते त्याचा पुरावा म्हणून छापत आले. पण चित्राचं वर्णन चित्राशेजारीच लिहिलंय: राजाने आमोनच्या मंदिराच्या बांधकामासाठी आणलेले कैदी. माणसं उजळ आणि सावळी अशी दोन्ही वर्णांची आहेत, सीरियाकडची आणि नुबियाची. इस्रायल हे नाव इजिप्तच्या लेखांत पहिल्यांदा येतं ते राजा मेरनेप्ताहच्या शिलालेखात, साधारण इ.स.पू. १२०८ मध्ये, म्हणजे रेखमिरेनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. तेव्हा परक्या मुलखातले कैदी विटा पाडत होते, हे या चित्रातून सिद्ध होतं. ते अमुक एका लोकसमूहाचे होते, हे होत नाही. कुणाच्या श्रद्धेला धक्का लावायचा माझा हेतू नाही, पण भिंतीवर जे लिहिलेलं नाही ते भिंतीच्या तोंडी घालू नये असं मला मनापासून वाटतं. आणि ते जे कोणी होते, त्यांचे वाकलेले खांदे नीट बघावेत. त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत.

समोरच्या, उजव्या भिंतीवर मेजवानी आहे, बाग आहे, बागेतल्या तळ्यात नावेत बसवलेला रेखमिरेचा पुतळा आहे, आणि नवा राजा आमेनहोतेप याला भेटून जहाजाने परतणारा रेखमिरेही आहे. पाहुण्या बायकांना वाढणाऱ्या दासींमध्ये एक अशी आहे जिची पाठ आपल्याकडे तिरकी वळलेली आहे. इजिप्तच्या चित्रकलेत माणूस जवळजवळ नेहमी एका ठरावीक पद्धतीने काढतात: चेहरा बाजूने, खांदे समोरून. ही मुलगी त्या नियमातून निसटलीय. तिला शोधा, सापडेल.

रंगकामाबद्दल थोडं, कारण तुम्ही हेही विचारलंय की हे रंग एवढे टिकले कसे. टेकडीचा चुनखडक बऱ्याच ठिकाणी भुसभुशीत आहे, म्हणून आधी भुसा मिसळलेल्या मातीचा गिलावा, त्यावर बारीक पांढरा थर. लाल रंगात भिजवलेलं सूत ताणून चौकटी आखायच्या, उभ्या माणसाची उंची तळपायापासून केसांच्या कडेपर्यंत अठरा घरं. मग गेरूने रेखाटन, मग रंग: गेरू, पिवळी माती, काजळी, आणि तो प्रसिद्ध निळा, जो वाळू, तांबं, चुना आणि क्षार एकत्र भाजून बनवत. रंग सुक्या भिंतीवर, डिंक किंवा सरसासारख्या चिकट पदार्थात कालवून लावलेत. अजिंठ्यालाही सुक्या गिलाव्यावरच रंगवलंय, आणि तिथल्या मातीतही तूस आणि तंतू आहेत. म्हणून दोन्हीकडचे शत्रू सारखे: पाणी, क्षार आणि माणसाचा श्वास. अजिंठ्यात १९२० च्या सुमारास चित्रं पक्की करायला लाखेचा लेप दिला गेला, तो नंतर पिवळा पडला आणि धूळ धरून बसला. चांगल्या हेतूने केलेलं नुकसान काढायला पिढ्या जातात, हे मी स्वतःच्या हातांनी अनुभवलंय. तेव्हा आत फ्लॅश नको, भिंतीला हात नको, खांद्यावरची पिशवी पुढे धरा.

एक गोष्ट पाहून तुम्हाला वाईट वाटेल, आधीच सांगून ठेवते. रेखमिरे स्वतः बहुतेक ठिकाणी दिसणारच नाही. जिथे जिथे तो मोठा उभा किंवा बसलेला होता, तिथे छिन्नीने त्याची आकृती खरवडलेली आहे, कित्येक ठिकाणी नावही. हे हेतुपुरस्सर आहे. शेजारचे नोकर, लेखनिक, हरणं, भांडी शाबूत, आणि मधोमध माणसाच्या आकाराची खडबडीत पोकळी. तो राजाच्या मर्जीतून उतरला असावा असं मानतात, पण कारण सांगणारा एकही लेख नाही. इजिप्तच्या समजुतीप्रमाणे चित्र आणि नाव गेलं की माणूस परलोकातही उरत नाही. म्हणजे ही शिक्षा मरणानंतरची होती. याच्याशी आमोनच्या नावावरच्या घावांची गल्लत करू नका. ते नंतरचे, एकाच सूर्यदेवाला मानणाऱ्या आखेनातेन राजाच्या काळातले, लहान आणि नेमके देवाच्या नावावर. तिसरा थर काजळीचा. पुढे कित्येक पिढ्या कुर्ना गावची कुटुंबं या थडग्यांत राहिली, चुली पेटल्या, जनावरं बांधली गेली. त्या गावाची घरं २००६ पासून पाडून लोकांना दुसरीकडे हलवलं गेलं. काजळीकडे मी आता नुकसान म्हणूनच बघत नाही, तिथे कुणाचं तरी घर होतं.

या चित्रांबद्दलची आपली आजची पुष्कळशी समज नॉर्मन आणि नीना डेव्हिस या जोडप्याच्या कामावर उभी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी वर्षानुवर्षं या टेकडीवर बसून चित्रं उतरवली. नीना डेव्हिस यांच्या रंगीत प्रतिकृती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संकेतस्थळावर बघता येतात. जाण्याआधी एक संध्याकाळ त्यांना द्या, कारण आत उजेड कमी असतो आणि वरच्या ओळी डोळ्यांना पुरत नाहीत.

थोडक्यात, तुमच्या तीन शंका: देह तिथे पुरल्याची खूण नाही पण थडगं खरंच आहे, विटा पाडणारे नुबिया आणि सीरियाकडचे कैदी आहेत, त्याहून जास्त भिंत सांगत नाही, आणि चित्रांतली अवजारं विश्वासाने बघावी, रांगा आणि आकार सावधपणे.

तासाभराचा क्रम मी असा ठेवीन. सकाळी लवकर जा, गर्दीच्या आधी. आत शिरल्यावर दोन मिनिटं काहीच न बघता उभे राहा, डोळे अंधाराला सरावू द्या. कधी कधी राखणदार दारातून आरशाने ऊन आत पाडतात, तसं केलं तर विजेच्या दिव्यापेक्षा रंग जास्त खरे दिसतात. मग डावीकडच्या पाच ओळींना पंधरा मिनिटं, क्रीटच्या वस्त्रांसह. बोळात डाव्या भिंतीला अर्धा तास, खालच्या ओळीपासून वर. उजव्या भिंतीवर फक्त बाग आणि ती पाठमोरी मुलगी. आईवडील दमले तर त्यांना बोळाच्या दाराशीच उभं राहू द्या, कारागीर तिथून लांब नाहीत. शेवटी तुम्ही आतल्या टोकापर्यंत जा, कोनाड्याखाली उभे राहा आणि मागे वळा. छत डोक्यावर आठ मीटर आहे, दार लांबवर एक उजळ चौकोन झालेलं असतं, आणि त्या उजेडात दोन्ही भिंतींवरचे सगळे लोक अजून कामावरच असतात.